बारा पोरं, नऊ जागा: ग्रामीण विदर्भातल्या एका बेसबॉल संघाच्या निवडीचं प्रकरण

हे प्रकरण दोन हंगामांपूर्वीचं आहे. शाळा, गाव आणि तालुका ओळखू येऊ नये म्हणून ते तपशील काढले आहेत. मुलांची टोपणनावं वापरली आहेत, तीही बदलून. मी त्या संघाचा अधिकृत प्रशिक्षक नव्हतो. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेला, आता शेती सांभाळणारा आणि संध्याकाळी ग्राउंडवर जाऊन स्कोअरबुक भरणारा माणूस, एवढीच माझी भूमिका. निर्णय क्रीडा शिक्षकांचे होते. त्यांना इथे नुसतं 'सर' म्हटलं आहे. काही निर्णयांत माझाही हात होता, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

पार्श्वभूमी

अमरावती विभागात पाच जिल्हे येतात: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम. त्यातल्या एका जिल्ह्यातली ही शाळा. कापूस, तूर आणि सोयाबीनचा पट्टा. क्रिकेट गल्लोगल्ली चालतं. विदर्भाने 2017-18 मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हापासून तर प्रत्येक पोट्ट्याला आपण नागपूरच्या जामठ्यावर खेळणार असं वाटतं. बेसबॉल आमच्याकडे आला तो शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीतून. क्रिकेटला तालुक्यालाच गर्दी होते, बेसबॉलला संघ मोजके असतात. त्यातून दहावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांचं गणित पालकांना पक्कं ठाऊक. सरांनी सॉफ्टबॉल खेळणारी आणि क्रिकेटमधून मागे पडलेली पोरं एकत्र केली आणि 17 वर्षांखालचा संघ उभा राहिला.

ग्राउंड काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, ऑक्टोबर उलटला की भेगा. एका पालकाने ट्रॉलीभर मुरूम टाकून दिला. तो आम्ही बेसच्या (म्हणजे रनरने धावत क्रमाने गाठायच्या थांब्यांच्या) रेषांवर आणि शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या, पुढे पसरला, बाकी आऊटफिल्ड तशीच राहिली. ग्लोव्ह एकूण 13, त्यातला डावऱ्या पोरासाठीचा एकच. कॅचरचं, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं, जाड मिटही एकच. फर्स्ट बेसचं वेगळं मिट नव्हतंच.

सरावाला 20-22 पोरं यायची. यायची म्हणजे नाव त्यांचं होतं. सोयाबीन सोंगणीला आलं की चार गायब, कापूस वेचणीला लागला की आणखी तीन. कोणत्या दिवशी कोण येणार याचा भरवसा नाही. सर आधी चिडायचे, मग त्यांनी वेगळी युक्ती काढली. जो हजर असेल त्याला रिकाम्या जागेवर उभं करायचं. शॉर्टस्टॉप वावरात गेला असेल तर सेकंड बेसवाला तिथे, त्याच्या जागी आणखी कोणी. एकाहून जास्त जागी खेळता येण्याची सवय आमच्या पोरांना लागली ती अशी. त्यामागे आमचा कसलाही विचार नव्हता, त्याचं कारण सोयाबीन होतं. त्या सवयीची किंमत आम्हाला नंतर कळली आणि तिच्या मर्यादा त्याहूनही नंतर.

अडचण

जिल्हा पातळी पार झाली. विभागीय स्पर्धेसाठी दुसऱ्या जिल्ह्यात जायचं होतं. मुख्याध्यापकांनी एक क्रूझर ठरवून दिली आणि जितक्या सीट तितकीच माणसं न्यायची अशी ताकीद दिली. आमच्याकडे क्रूझरमध्ये किती माणसं बसतात हे वाचकांना सांगायला नको. पण आदल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेच्या गाडीला अपघात झाला होता, म्हणून या वेळी मोजणी काटेकोर होती. चालक धरून 13 सीट. चालक, सर आणि 11 पोरं. मी आदल्या दिवशी एसटीने जाणार होतो आणि एका पोराला सोबत नेऊ शकत होतो. म्हणजे 12.

नियमात याहून मोठी तुकडी बसत होती, आमची गाडीत बसत नव्हती. मैदानावर नऊ उतरणार, बाकावर तीन. स्पर्धा दोन दिवसांची, जिंकत गेलो तर लागोपाठ दोन सामने. त्यामुळे खरा प्रश्न शेवटच्या तीन सीटांचा होता.

पहिले नऊ जवळजवळ ठरलेले होते. पहिला पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, वय 16, हात मजबूत. कॅचर 'कीपर', क्रिकेटमध्ये विकेटकीपिंग करायचा म्हणून ते नाव. फर्स्ट बेसवर 'डावऱ्या'. सेकंडला 'धाकला' आणि थर्डला त्याचा भाऊ 'थोरला'. शॉर्टस्टॉप 'खार', कारण तो जमिनीलगत खारीसारखा सरकायचा. सेंटर फिल्डला, म्हणजे आऊटफिल्डच्या मधोमध, 'लंबू', हाच आमचा दुसरा पिचर. लेफ्ट आणि राईटला दोन शांत पोरं, त्यांना वेगळी नावं द्यायची गरज नाही.

समोरचे पर्याय

तीन सीटांसाठी चार दावेदार होते. 'सिक्सर' सगळ्यांत जोरात मारायचा. त्याचा फटका धुऱ्यापलीकडच्या तुरीत जायचा आणि चेंडू शोधण्यात सरावाचा अर्धा तास जायचा. पण ग्लोव्ह घातलेला त्याचा हात म्हणजे दरवाजाला टांगलेलं कुलूप. 'फिरता' सेकंड, थर्ड, लेफ्ट, राईट कुठेही उभा राहायचा. कुठेच चमकायचा नाही, कुठेच बुडवायचा नाही. 'बाळ्या' सेकंड आणि राईटचा. चौथं आठवीतलं एक पोरगं, संघातलं सगळ्यांत वेगवान.

सरांचं मन सिक्सरकडे होतं. बेसबॉलमध्ये डीएच, म्हणजे पिचरच्या बदल्यात नुसती बॅटिंग करणारा खेळाडू ठेवता येतो, मग ग्लोव्हची चिंता कशाला? मी विरोधात बोललो. आमचा पहिला पिचर स्वतः चांगला मारायचा, त्याच्या जागी दुसऱ्याने बॅटिंग करण्यात फायदा थोडा. शिवाय डीएच एकदा मैदानात क्षेत्ररक्षणाला उतरला की ती सोय संपते आणि पिचरला बॅट धरावी लागते. फक्त बॅटच चालते अशा पोराला बारा जणांत एक पूर्ण सीट देणं मला महाग वाटत होतं.

अमेरिकेतल्या मेजर लीग या व्यावसायिक बेसबॉलमध्येही हाच हिशोब मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथल्या संघात हंगामातल्या बहुतेक काळ 26 खेळाडू असतात आणि त्यात पिचर 13 पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. बहुतेक संघ ती मर्यादा गाठतात. उरले 13. त्यातून आठ क्षेत्ररक्षक आणि डीएच वजा केले तर बाकावर चार, आणि त्यातला एक दुसरा कॅचर ठेवावाच लागतो. मग उरलेल्या तिघांना सात जागा झाकायच्या असतात. बेन झोब्रिस्टसारखा माणूस टॅम्पा बे संघासाठी इतका मोलाचा ठरला तो याच कारणाने. आज सेकंड बेस, उद्या राईट फिल्ड, परवा शॉर्टस्टॉप. हाच झोब्रिस्ट पुढे 2016 च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, शिकागो कब्जकडून सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2022 पासून तर उत्तम क्षेत्ररक्षणाच्या गोल्ड ग्लोव्ह पुरस्कारात अशा बहुजागी खेळाडूंसाठी वेगळा विभागच सुरू झाला. आमची क्रूझर आणि त्यांची 26 ची यादी यांत बाकी काही सारखं नाही, पण जागा कमी पडल्या की फिरत्याचा भाव वाढतो, हे दोन्हीकडे खरं.

याच ठिकाणी एक गल्लत होते. ज्याला जास्त जागा येतात तो जास्त उपयोगी, असं मोजलं जातं. बर्ट कॅम्पानेरिस 8 सप्टेंबर 1965 रोजी कॅन्सस सिटी अॅथलेटिक्ससाठी एकाच सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळला. प्रेक्षक खेचायचा तो एक प्रयोग होता. नवव्या इनिंगमध्ये तो कॅचरच्या जागी आला आणि होमप्लेटवर, म्हणजे बॅटरच्या जागी, टक्कर होऊन जायबंदी झाला. ही गोष्ट मी सरांना गंमत म्हणून सांगितली होती. पुढे काय होणार आहे हे माहीत असतं तर गंमत म्हणून सांगितली नसती.

जागांची संख्या मोजण्यापेक्षा कोणती जागा कोणत्या जागेच्या शेजारची आहे हे बघावं लागतं. बिल जेम्स या बेसबॉलच्या अभ्यासकाने जागांचा एक क्रम मांडला: फर्स्ट बेस, लेफ्ट, राईट, थर्ड, सेंटर, सेकंड, शॉर्टस्टॉप. डावीकडून उजवीकडे जावं तसं क्षेत्ररक्षण अवघड होत जातं. शॉर्टस्टॉपचा खेळाडू सरकून थर्डवर किंवा लेफ्टला निभावून नेतो, फर्स्ट बेसचा माणूस शॉर्टला नेला तर हसू होतं. फॅनग्राफ्स या संकेतस्थळाच्या हिशोबात 162 सामन्यांच्या हंगामात शॉर्टस्टॉपच्या जागेला 7.5 धावांची भर मिळते आणि फर्स्ट बेसच्या जागेतून 12.5 धावा कापल्या जातात. सात इनिंगच्या शालेय सामन्याला ते आकडे लावण्यात अर्थ नाही, क्रम मात्र आमच्या मुरमावरही तसाच होता.

डावऱ्याचं वेगळं. चेंडू डाव्या हाताने फेकणाऱ्याला सेकंड, थर्ड आणि शॉर्ट या तिन्ही जागा जवळजवळ बंद असतात. चेंडू उचलून फर्स्टकडे फेकायचा तर आधी अख्खं अंग वळवावं लागतं, आणि त्या क्षणात रनर पोचतो. फर्स्ट बेसवर मात्र तोच डावा हात फायद्याचा. म्हणून डावऱ्या एका जागेचा माणूस होता आणि त्याला फिरवण्याच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही.

काय केलं

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सरांनी तक्ता आखला. उभी नावं, आडव्या नऊ जागा. प्रत्येक पोराला प्रत्येक शक्य जागी 20 चेंडू मारले आणि तीनच शेरे ठेवले: 'पक्का', 'चालून जाईल', 'नको'. क्रिकेटवाल्या पोरांची एक खोड इथे उघडी पडली. चेंडू आला की ती दोन्ही हात पुढे करायची, ग्लोव्ह विसरून. थर्डला जोरात आलेला चेंडू उघड्या हातावर घेऊन दोघांनी बोटं सुजवून घेतली.

तक्ता भरल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. सेकंड बेसला चार नावं, राईटला पाच. कॅचरला पक्का एक, चालून जाईल एक: थोरला. त्याला चेंडूची भीती नव्हती आणि फेक सरळ होती. खारीने सॉफ्टबॉलमध्ये थोडी कॅचिंग केली होती, तिथे त्याच्या नावापुढे मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं.

पिचिंगचं आधी ठरवलं. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनानुसार 15-16 वर्षांच्या मुलाने दिवसात 95 पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत आणि 61 ते 75 फेकले तर तीन दिवस विश्रांती घ्यावी. आमच्या स्पर्धेत असा नियम कोणी लावत नव्हतं, आम्ही स्वतःला लावला. पिचिंग केलेल्या पोराला त्याच दिवसांत कॅचर करायचं नाही, हेही ठरवलं. कॅचर प्रत्येक चेंडू परत फेकतो, म्हणजे खांद्याला विश्रांती ती कुठली? म्हणून दुसऱ्या दिवसाची मांडणी आधीच लिहिली. लंबू पिचिंगला, लेफ्टवाला सेंटरला, फिरता लेफ्टला, आणि पहिला पिचर हात न वापरता डीएच.

शेवटच्या तीन सीटा फिरता, बाळ्या आणि आठवीतल्या पोराला गेल्या. सिक्सर राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. "माह्या पोराले काहून नाही नेऊन राहिले, सर? सगळ्यात जास्त तर तोच मारते." सरांनी तक्ता दाखवला. त्यांनी तो बघितलाही नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर सवलतीचे गुण होते, आणि त्यात चूक काही नव्हती.

फिरत्याचं वेगळंच निघालं. निवड झाल्यावर तो सायकल हातात धरून माझ्यामागे वेशीपर्यंत आला आणि म्हणाला, "दादा, मी नेमका कुठचा प्लेअर होय, सांगा ना? खार शॉर्टचा, डावऱ्या फर्स्टचा. मी कुठचा?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. रात्री सरांना फोन करून सांगितलं, त्याची मैदानातली जागा बदलत राहील, पण बॅटिंगमधली बदलू नका. तो खेळेल तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरच येईल. सरांनी मानलं. या साऱ्या प्रकरणात माझ्याकडून झालेलं सगळ्यांत बरं काम बहुधा तेवढंच.

दुसऱ्या दिवशीचा सामना

पहिल्या दिवशी जिंकलो. पहिल्या पिचरने 71 चेंडू फेकले. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे मांडणी बदलली आणि ती मस्त चालली. तीन जागांवर नवी माणसं होती, तरी पहिल्या दोन इनिंगमध्ये कुणाला जाणवलंही नाही.

मग पहिला चुकीचा निर्णय झाला, तोही आम्ही बॅटिंग करत असताना. दुसऱ्या इनिंगमध्ये थोरला सेकंड बेसवर पोचला. तो पळायला जड. सरांनी त्याच्या जागी आठवीतल्या पोराला रनर म्हणून पाठवलं. धाव निघाली, टाळ्या वाजल्या. इनिंग संपल्यावर सरांनी थोरल्याला थर्डला जा म्हणून सांगितलं आणि पंचांनी हात आडवा केला. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या नऊतला खेळाडू बाहेर गेला तरी एकदा परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेला तो गेलाच. सरांची वर्षं सॉफ्टबॉलमध्ये गेली होती, माझीही. नियम वाचलेला होता, अंगवळणी पडलेला नव्हता. स्कोअरबुक माझ्या मांडीवर होतं, बदल मीच लिहून घेतला आणि तोंड उघडलं नाही. ही चूक मी सरांच्या माथी मारणार नाही.

फिरता लेफ्टवरून थर्डला आला, आठवीतलं पोरगं लेफ्टला गेलं. तिसरी इनिंग निभावली. आम्ही 4-2 ने पुढे.

चौथ्या इनिंगच्या पहिल्याच बॅटरचा चेंडू बॅटची कड घेऊन कीपरच्या उघड्या उजव्या अंगठ्यावर बसला. अंगठा डोळ्यांदेखत निळा पडला. त्याला बाहेर काढण्यात शंका नव्हती. प्रश्न होता मागे कोण बसणार. तक्त्यातला माणूस, थोरला, बाकावर बसून होता आणि कायमचा बाद होता.

सरांपुढे तीन वाटा होत्या. पहिला पिचर कॅचिंग करायला तयार होता, पण आदल्या दिवशीचे 71 चेंडू आणि आम्हीच घातलेली अट. वर डीएच गमावून लंबूला बॅटिंगला पाठवावं लागलं असतं. दुसरी वाट खारीची: खार मागे, धाकला शॉर्टला, बाळ्या बाकावरून सेकंडला. तिसरी वाट फिरत्याला मागे बसवायची, धाकल्याला थर्डला न्यायचं आणि बाळ्याला सेकंडला ठेवायचं. फिरत्याने सरावात जेमतेम दोन-तीनदा मिट घातलं होतं.

सरांनी खारीला मागे बसवलं. त्या क्षणी मलाही तेच बरोबर वाटलं. मागे चेंडू सुटला की रनर पळतो, आणि खार चेंडू सोडत नाही.

खारीने खरंच सोडला नाही. पण पुढचा फटका शॉर्ट आणि थर्डच्या मधल्या फटीत गेला. धाकल्याने धावत जाऊन तो अडवला आणि फेकला. सेकंड बेसवरून फर्स्ट म्हणजे हाताच्या अंतरावर, शॉर्टच्या खोल कोपऱ्यातून तेच अंतर दुप्पट वाटतं. चेंडू डावऱ्याच्या पुढे टप्पा पडून मागे गेला. स्कोअरबुकात एक एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणाची चूक. त्यानंतर सरळ धाकल्याकडे ग्राउंडर (जमिनीवरून आलेला फटका) आला, डबल प्लेचा, म्हणजे एका चेंडूवर दोन आऊट मिळण्यासारखा. त्याने सेकंडकडे दिला. बाळ्या बेसवर आला, एक आऊट मिळाला, पण पाय कसा टाकून वळायचं हे आठवेपर्यंत फेक उशिरा झाली. ही गोष्ट पुस्तकात एरर म्हणून लिहिता येत नाही. डबल प्ले होणारच होता असं गृहीत धरून पंच किंवा स्कोअरर कोणाला दोष देत नाही. पण जो आऊट मिळायला हवा होता तो मिळाला नाही, इनिंग लांबली आणि तीन धावा गेल्या. पाचवीत आणखी एक. 4-6.

माझ्या लेखी या प्रकरणाचं मर्म त्या न लिहिलेल्या आऊटमध्ये आहे. आम्ही एक भोक बुजवायला संघातला सगळ्यांत चांगला क्षेत्ररक्षक उचलला आणि मैदानाच्या मधोमध दोन नवी भोकं पाडली. कॅचरची जागा राखली, शॉर्ट आणि सेकंड गमावले. साध्या मोजणीत हा एकच बदल वाटतो. सर जागा धरून मोजत होते. मी नंतर माणसं धरून मोजलं तेव्हा दिसलं, तीन जण आपल्या घराबाहेर उभे होते.

पाचवीनंतर मी सरांच्या कानात बोललो. मैदानात असलेल्यांच्या जागा आपसात बदलायला नियमाची आडकाठी नाही. फिरता मागे, खार परत शॉर्टला, धाकला थर्डला, बाळ्या सेकंडलाच. सर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "होऊन जाऊ द्या." सहाव्या आणि सातव्या इनिंगमध्ये फिरत्याच्या मागे दोन चेंडू सुटले, एक रनर एक बेस पुढे गेला. धाव एकही गेली नाही. खारीने मधला पट्टा झाकून टाकला.

निकाल

सहाव्या इनिंगमध्ये आम्ही एक धाव काढली. 5-6. सातव्यात दोन आऊट, थर्डवर बरोबरीचा रनर. बॅटिंगचा क्रमांक आला थोरल्याचा. पण थोरल्याच्या क्रमांकावर आता आठवीतलं पोरगं होतं, कारण रनर म्हणून तेच गेलं होतं. त्याने तिसऱ्या स्ट्राइकला बॅट हवेतच फिरवली, तिसरा आऊट झाला आणि सामना संपला. बॅट तिथेच टाकून ते रडत रडत क्रूझरकडे निघालं. त्याला परत आणायला थोरलाच गेला.

कीपरचा अंगठा मोडला नव्हता, मुका मार होता. दिवाळीनंतर तो पुन्हा मागे बसायला लागला.

वेगळं काय करता आलं असतं

बदली धावकाचा निर्णय सगळ्यांत महागात पडला. त्याने एका फटक्यात तीन गोष्टी गेल्या: थर्डचा पक्का माणूस, राखीव कॅचर आणि चौथ्या क्रमांकाची बॅट. तक्त्यात थोरल्याच्या नावापुढे दोन शेरे होते. एकाहून जास्त जागा झाकणारा माणूस बाहेर काढला की त्याच्या सगळ्या जागा एकदम उघड्या पडतात, हे आम्ही तक्ता करूनही पाहिलं नव्हतं.

तक्ताही अर्धवट होता. 'हा गेला तर कोण' एवढंच लिहिलेलं, 'हा आणि तो दोघं गेले तर कोण' हे नाही. 12 जणांच्या संघात दुसरी गैरहजेरी ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. पुढच्या वर्षी सरांनी सरावात एक खेळ काढला. मध्येच शिट्टी वाजवायची, कोणत्याही दोघांना बाहेर बसवायचं आणि बाकीच्यांनी स्वतःहून, कोणी न सांगता, मांडणी लावायची. पहिल्या आठवड्यात सेकंड बेसवर तिघं आणि लेफ्टला कोणीच नाही असा गोंधळ उडाला. महिनाभरात पोरं आमच्याआधी जागा ओळखायला लागली.

फिरत्याच्या बाबतीत सरांचं आणि माझं अजून जमत नाही. सर म्हणतात त्याला आधीपासून कॅचिंग शिकवायला हवं होतं. मला वाटतं, त्याला आधीच चार जागा होत्या, पाचवी लादली असती तर चारही कच्च्या राहिल्या असत्या. सेकंडचे चार पर्याय असताना पाचवा तयार करण्यापेक्षा कॅचरचा दुसरा माणूस तयार करायला हवा होता हे खरं, पण तो माणूस फिरताच असायला हवा असं नाही.

आणि सिक्सर. मी त्याच्या विरोधात बोललो होतो, त्यामुळे हे लिहिताना जरा जड जातं. फिरत्याला नेणं बरोबर होतं. पण तिसरी सीट आठवीतल्या पोराला देताना आम्ही लवचिकतेच्या नावाखाली वेग निवडला. तो दोनच जागांवर 'चालून जाईल' होता. त्याच्याऐवजी सिक्सर असता तर सातव्या इनिंगमध्ये बाकावर एक बॅट तरी उरली असती. राखीव तिघांत दोघं जागा झाकणारे आणि एक जण सामना फिरवणारा, अशी विभागणी आता मला योग्य वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

सिक्सर पुढच्या हंगामात परत आला. वडिलांनी नको म्हटलं होतं, तरी आला. डावऱ्या अकरावीला शहरात गेल्यामुळे फर्स्ट बेस रिकामा होता, आणि फर्स्ट बेस ही त्या क्रमातली सगळ्यांत सोपी जागा. तो रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू मारून ग्लोव्हमध्ये घ्यायला शिकला. फिरत्याने स्वतःहून कॅचरचं मिट मागितलं. मिट अजून एकच आहे. त्याची मधली शिवण सुटली होती, ती गावातल्या चांभारदादांनी चपलेच्या दोऱ्याने घालून दिली. आता ते मिट कीपर आणि फिरता आलटून पालटून घरी नेतात.